वाटाड्याला विचारा : कोयना-चांदोलीचं जंगल, बॅकवॉटर आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आपण लिहिलं होतं की दरवर्षी केरळ नि हिमाचलची बुकिंगं करणाऱ्या सातारा-सांगलीकरांनी एकदा आपल्याच डोक्यावरचं जंगल बघून यावं, म्हणजे कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना धरणाचं शिवसागरचं पाणी. त्यावर भरपूर पत्रं आली, व्हॉट्सॲपवर तर विचारू नका. निम्म्या लोकांचं म्हणणं एकच, की तिथं "बघायला" नक्की काय आहे. या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून वेगवेगळ्या पत्रांना उत्तरं देतो, त्यातून काय ते कळेलच.

प्रश्न : आम्ही आठ मित्र, मूळचे सगळे सांगलीचे, कामाला पुण्यात. वासोटा करायचाय. बामणोलीतून बोटीनं जातात एवढं माहितीये. शनिवारी दुपारी निघून रात्री गडावर टेन्ट टाकायचा आणि रविवारी उतरायचं असा प्लॅन आहे, टेन्ट आमच्याकडं आहेत, जमेल का? — एक वाचक, सध्या हिंजवडी

नाही जमणार. गड कोयना अभयारण्यात येतो, तिथं रात्रीचा मुक्काम बंद आहे आणि हा नियम कागदावरचा नाही, खरोखर पाळला जातो. त्यामुळं प्लॅन उलटा करा. शुक्रवारी रात्री साताऱ्यात नाहीतर बामणोलीतच येऊन झोपा आणि सकाळी लवकर बोट धरा. साताऱ्यातून कासमार्गे बामणोली चाळीसेक किलोमीटर आहे पण रस्ता घाटाचा, वळणावळणाचा, त्यात शनिवार-रविवारी कासच्या गर्दीत अडकलात की तास कुठं गेला कळत नाही.

बामणोलीत वनखात्याचा परवाना काढायचा, सगळ्यांचं ओळखपत्र जवळ ठेवा. बोट माणशी नसते, पूर्ण बोटीचे पैसे असतात, दर बोर्डावर लिहिलेले असतात, आठ जण आहात म्हणजे तुम्हाला परवडेल, दोघं-तिघं गेले तर खिशाला चाट बसते, मग ते लोक काठावर बसून दुसऱ्या ग्रुपची वाट बघतात. तास-दीड तास बोट चालते. इंजिनाचा आवाज एवढा की बोलायचं झालं तर ओरडावं लागतं, पण दोन्ही बाजूचे डोंगर हळूहळू जवळ येतात, घरं संपतात, शेतं संपतात आणि पुढं नुसतं झाडच झाड. मेट इंदवलीला उतरवतात. हे मेट म्हणजे गडाच्या पायथ्याचं जुनं पहाऱ्याचं गाव, आता तिथं वस्ती नाही, वनखात्याची चौकी आहे. इथं तुमच्या पिशव्या उघडून प्लास्टिक मोजतात. पाण्याच्या बाटल्या किती, चिप्सची पाकिटं किती, सगळं लिहून घेऊन डिपॉझिट ठेवतात, आणि उतरताना तेवढंच प्लास्टिक परत दाखवलं तर पैसे परत. लोक इथं फार वाद घालतात. कशाला घालायचा? घरूनच स्टीलच्या बाटल्या आणि फडक्यात बांधून भाकरी-चटणी न्या, मोजायला काही उरतच नाही.

चौकीतून थोडं पुढं गेलं की ओढा लागतो, तिथं मारुती आणि गणपतीच्या मूर्ती आहेत, डोक्यावर छप्पर नाही. पाणी भरायचं तर इथंच भरा कारण पुढं गडावरच्या टाक्यांपर्यंत काही नाही. मग दीड-दोन तासाची चढण, आणि ही चढण म्हणजेच खरा वासोटा, वरचा किल्ला त्यामानानं छोटा आहे. भर एप्रिलच्या दुपारीसुद्धा ऊन अंगावर येत नाही इतकी झाडी. वर पालवीत काहीतरी धपकन उडी मारल्यासारखं झालं तर थांबा आणि मान वर करा, बहुतेक शेकरू असेल. आपला राज्यप्राणी, तांबूस-तपकिरी, शेपूट अंगाएवढी लांब. एकाच झाडावर चार-पाच घरटी दिसली म्हणून चार-पाच शेकरू समजू नका, एकच शेकरू जास्तीची घरटी बांधून ठेवतं. अर्ध्यात एक वाट नागेश्वराच्या गुहेकडं फुटते. पहिल्यांदा जात असाल तर एका दिवसात दोन्ही करायच्या नादाला लागू नका, बोटवाल्यानं दिलेली वेळ चुकते आणि मग तो खाली बोंबलत बसतो, त्याचंही बरोबरच आहे, अंधारात त्या पाण्यावरनं त्याला बोट आणायची असते.

वर गेल्यावर बाबू कडा बघा, समोर जुना वासोटा नावाचा डोंगर, खाली थेट कोकण. शिवाजी महाराजांच्या काळात राजापूरच्या वखारीतले इंग्रज कैदी इथं आणून ठेवले होते, आणि पुढं पेशवाईच्या शेवटी साताऱ्याच्या छत्रपतींचं कुटुंबही बाजीरावानं इथंच अडकवून ठेवलं होतं. कड्यावर उभं राहून बघितलं की तुरुंगासाठी हीच जागा का निवडली ते सांगावं लागत नाही. पळून जाणार कुठं?

आणि हो, ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा. रात्रीच्या टेन्टची एवढीच हौस असेल तर बामणोली-शेंबडी बाजूला काठावर तंबूवाले आहेत, पण शनिवारी तिथं डीजे असतो, शांतता पाहिजे असेल तर मधल्या वारी जा.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या सरांनी सांगितलं चांदोलीत वाघ आलेत. पप्पा म्हणतात, तिथं वाघ नाहीच, नावालाच व्याघ्र प्रकल्प आहे. कोण खरं? आणि गेलो तर दिसेल का? — पलूसहून एक विद्यार्थी

सरही खरे, आणि पप्पा जे म्हणतात तेही बरीच वर्षं खरं होतं. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली जाहीर झाला, कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान जोडून, सगळा मिळून ११६५ चौरस किलोमीटरच्या आसपास. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलाय. पण वाघ कायमचे राहत नव्हते. २०१८ मध्ये कॅमेऱ्यात एक आला, मग पुन्हा सामसूम, मग डिसेंबर २०२३ मध्ये एक नर वाघ कॅमेऱ्यात सापडला. तो राधानगरीकडून वर आलेला, अंगावरच्या पट्ट्यांवरनं ओळखतात, प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. वाघ असा दक्षिणेकडनं, गोवा-कर्नाटकाच्या जंगलातनं डोंगराच्या कण्यानं चालत येतो. नर लांब फिरतात, वाघिणी एवढ्या लांब जात नाहीत, म्हणून नर येऊनही संसार काही होईना. त्यासाठीच २०२५ मध्ये ताडोबातून वाघीण आणून चांदोलीच्या भागात सोडली.

त्याआधी खाण्याची सोय करावी लागली. वाघाला नुसतं जंगल पुरत नाही, हरीण लागतं. तुझ्या घराजवळच्या सागरेश्वरातली चितळं तिकडं नेली ती त्यासाठीच. सागरेश्वर आख्खं माणसांनी उभं केलेलं जंगल आहे, उजाड डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या खटपटीतनं झालेलं, १९८५ साली अभयारण्य जाहीर झालं. तिथली चितळं वाढली आणि खालच्या शेतकऱ्यांना त्रास व्हायला लागला, इकडं चांदोलीत कमी होती, दोन्हीकडचं काम भागलं.

आता दिसेल का? नाही दिसणार रे. ताडोबासारखं इथं नाही, तिथं रान मोकळं असतं, तळ्यावर गाडी लावली की वाघ पाण्याला येतो. इथली झाडी इतकी दाट आणि उतार इतके की दहा पावलांवर गवा उभा असला तरी आधी त्याचा वास येतो, मग फांद्या मोडल्याचा आवाज आणि मग कळतं की अरे हा तर इथंच होता. त्यामुळं जाताना वही ने. वारुळ उकरलेलं दिसलं तर अस्वल, झाडाच्या सालीवर उंचावर ओरखडे दिसले तर बिबट्या की अस्वल ते गाईडला विचार. सांबराचा "पोंक" असा एकच मोठा आवाज आला तर ते कुणाला तरी घाबरलंय समज. परत आलास की पप्पांना वाघ दाखवता येणार नाही, पण बाकी बरंच सांगता येईल.

प्रश्न : आमचा भिशी ग्रुप आहे, बारा बायका, बहुतेक साठीच्या पुढच्या, दोघींचे गुडघे बदललेले. चढण नको, जंगल बघायचंय. सगळ्या म्हणतात महाबळेश्वर करू, पण ते झालंय हो शंभरदा. — मिरजेहून एक ताई

ताई, चांदोलीला जा. मिरजेतनं ईश्वरपूर, शिराळा, आरळामार्गे मणदूर-वारणावतीला या, पुढं जाधववाडीला गेट आहे. सकाळी लवकर निघालात तर एका दिवसात होतं, पण वारणावती बाजूला मुक्काम केला तर जीवाला ताप नाही. आत गाडीनं जाता येतं, गाईड घ्यावाच लागतो आणि तो घ्याच, त्याच गावांतली पोरं असतात, त्यांना झाडन् झाड माहिती. झोळंबीच्या सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, गाडी पोचली की खाली वसंतसागरचं पाणी दिसतं, वारणेवरच्या चांदोली धरणाचं, आणि पाण्यापलीकडं डोंगराच्या रांगांवर रांगा. तिथं उतरून नुसतं बसलात तरी चालेल, गुडघ्याला काही त्रास नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर अंजनीचा बहार बघायला मिळेल. अंजनी म्हणजे मध्यम उंचीचं, गर्द पानांचं झाड, एरवी लक्षसुद्धा जाणार नाही. पण बहरात आलं की निळी-जांभळी बारीक फुलं पानांत न येता थेट फांदीच्या सालीतनं फुटतात, फांदीला निळी लोकर गुंडाळल्यासारखी दिसतात. या जंगलाची तीन मुख्य झाडं म्हणजे अंजनी, जांभूळ आणि पिसा, आणि मग हिरडा, आंबा, फणस, ऐन, किंजळ. ज्यांना "जंगल म्हणजे साग" असं वाटतं त्यांनी हे एकदा बघावंच.

एक आठवण करून देतो म्हणा हवं तर, आत हॉटेल नाही, टपरी नाही, बाथरूमची सोय गेटलाच उरकून घ्यायची. डबे न्या, आणि भिशीचा नंबर आत काढू नका, तुमच्या हसण्यानं गवे पळतील!

प्रश्न : आईचं वय ८१. तिचं माहेर कोयनेच्या पाण्यात गेलं, जावळीतलं गाव, ती तेव्हा लग्न होऊन नुकती बाहेर पडलेली. गेली दोन वर्षं सारखी म्हणते एकदा जाऊन यायचं. नेलं तर काही दिसेल का, का उगाच तिला त्रास? — कडेगाव तालुक्यातून एक काका

काका, न्या. पण कधी न्यायचं ते आधी ठरवा कारण यात सगळा प्रश्न पाण्याच्या पातळीचा आहे.

शिवसागर ऑगस्ट-सप्टेंबरात भरतं, दिवाळीला काठोकाठ असतं, तेव्हा दिसतं सुंदर पण आईला दाखवण्यासारखं काहीच नसेल, सगळं पाण्याखाली. पुढं वीजनिर्मितीला आणि खालच्या शेतीला पाणी जात राहतं. वीजेचं बरंचसं पाणी तर डोंगर फोडून बोगद्यातनं पश्चिमेला, पोफळीच्या बाजूला कोकणात उतरतं, म्हणजे पूर्वेकडं वाहणारी नदी तेवढी उलटी फिरवलीय म्हणा. एप्रिल-मेपर्यंत पाणी बरंच खाली जातं. तेव्हा जुन्या गावांच्या जागा उघड्या पडतात. घरांची जोती, बांधाचे दगड, एखाद्या देवळाचा चौथरा, वाळलेल्या झाडांचे बुंधे. मात्र त्याच दिवसांत बोट काठाला लागत नाही, चिखलातनं चालावं लागतं आणि तो चिखल वरनं वाळलेला दिसला तरी आत पाय जातो. ८१ वर्षांच्या माणसाला त्यातनं नेऊ नका. बोट लांबच थांबवा आणि बोटीतनंच बघू द्या.

बोटवाला ठरवताना पोराटोरांपेक्षा जुना माणूस बघा. इथल्या कितीतरी बोटवाल्यांच्या घरचंच गाव पाण्यात गेलंय. त्याला गावाचं नाव सांगितलं की तो बरोबर त्या खाडीत नेतो, आणि आईला ओळख पटवायला वरच्या डोंगराचा आकार पुरतो, गावं गेली पण डोंगर तेच आहेत. कोणतं शिखर घराच्या मागं होतं, कोणत्या खिंडीतनं जत्रेला जायचो, हे ती सांगत जाईल, तुम्ही फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. धरणात गेलेल्या गावांतली माणसं कुठं कुठं पांगली, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे, त्यातल्या कितीकांची पुढची पिढी त्या गावाचं नावही घेत नाही.

त्रास होईल का म्हणालात. होईल थोडा. म्हणून न नेणं मला तरी पटत नाही, ती दोन वर्षं मागतीये.

इथं एक बाकीच्या वाचकांसाठीही सांगतो. कोयना-चांदोलीला आपण "माणसाचा स्पर्श न झालेलं जंगल" म्हणतो ते साफ चूक आहे. आधी धरणासाठी आणि पुढं उद्यानासाठी इथनं माणसं उठवली, तेव्हा हे एवढं शांत झालं. आत फिरताना मधेच आंब्या-फणसाची झाडं एका ओळीत दिसली, नाहीतर तुळशीवृंदावनाचा दगड दिसला, तर ते कुणाचं तरी परसू होतं. त्यावर चढून सेल्फी काढू नका एवढंच.

प्रश्न : मी निवृत्त फौजी, पाटण तालुक्यात वर सड्याला आमची नऊ एकर पड जमीन आहे. नुसता दगड आणि गवत. पोरं म्हणतात विका, तिकडं रिसॉर्टवाले भाव देतात. मला तिथं झाडं लावायचीत, मोठं जंगल करायचंय. एका नर्सरीवाल्यानं स्वस्तात ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि ग्लिरिसिडिया देतो म्हटलंय. घेऊ का?

फौजी साहेब, विकू नका हे पहिलं. आणि ती रोपं घेऊ नका हे दुसरं. आता तिसरं ऐकून तुम्हाला राग येईल, सड्यावर झाडंच लावू नका.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, त्यावर माती असते कुठं बोटभर, कुठं वीतभर. मोठं झाड तिथं निसर्गानंच ठेवलेलं नाही. पण जे आहे ते दुसरीकडं कुठं मिळत नाही. पावसाळ्यात त्याच "नुसत्या दगडावर" वाकून, जमल्यास गुडघ्यावर बसून बघा. गेंद, तेरडा, सोनकी, सीतेची आसवं. दवबिंदू नावाचं एक रोप आहे, रुपयाच्या नाण्याएवढं, लालसर, पानांवर केस आणि केसांच्या टोकाला चिकट थेंब, त्यावर किडा बसला की पान हळूहळू मिटतं आणि झाड तो किडा पचवतं. मातीत खत नाही म्हणून किडे खायची वेळ त्याच्यावर आली. तुम्ही जेसीबीनं खड्डे काढून बाहेरची माती टाकली की हे सगळं गेलं, आणि लावलेलं झाडही मार्चच्या वाऱ्यात वाळून जाणार. कास पठार २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं ते याच असल्या दगड-गवतासाठी, कोयना आणि चांदोली त्याच यादीत आहेत.

झाडं लावायचीच तर सड्याच्या खाली, उताराला जिथं माती साठते, ओघळ आहे, तिथं लावा. जांभूळ, हिरडा, अंजनी, गेळा, करवंद, आंबा. बिया जवळच्या देवराईतनं गोळा करा, त्याच डोंगरातल्या झाडाची बी तिथल्या पावसाला टिकते, आणि तो पाऊस काय चीज आहे ते तुम्हाला सांगायला नको, पेपरात रोज कोयना-नवजा-महाबळेश्वरचा आकडा छापून येतो तो बघून खालची माणसं चाट पडतात. नर्सरीचं रोप वर्षात पुरुषभर होतं, हे होणार नाही, दोन-तीन वर्षं काहीच घडत नाहीये असं वाटेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दरवर्षी लागणारा वणवा तेवढा अडवा, डिसेंबरातच कडेनं जाळपट्टा काढून घ्या, गुरं काही वर्षं बाहेर ठेवा. निम्मं जंगल न लावताच येतं. पलीकडच्या महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघर गावानं मधाचं गाव म्हणून नाव काढलंय, तेही याच जांभूळ-हिरडा-गेळ्याच्या फुलोऱ्यावर. पोरांना पैशाचंच दाखवायचं असेल तर हे दाखवा.

छोटे छोटे प्रश्न, एकत्रच उत्तर देतो.

ड्रोन : नाही. परवानगीशिवाय अजिबात नाही.

पावसाळ्यात जाऊ का : आत नाही, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत जंगल बंद असतं. पावसातच जायचं तर कोयनानगरवरनं नवज्याचा ओझर्डे धबधबा बघा, नाहीतर सडावाघापूरला जा, तिथं वारा पाणी उलटं वर उडवतो.

जळवा : ऑक्टोबरात गेलात तर लागणार. ओढून काढू नका, मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावा, आपोआप सुटते. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरायचं कारण नाही.

पोहायचंय बॅकवॉटरला : नका पोहू. खाली जुने बुंधे, गाळ, आणि काठ एकदम तुटतो. बोटीतही जॅकेट काढायचं नाही, दुपारनंतर वारा सुटतो.

भूकंप : छोटे हादरे कोयनेला बसतात, तिथल्या लोकांना सवय आहे. ११ डिसेंबर १९६७ चा मोठा. जाणवला तर उघड्यावर या.

प्रश्न : गाडी नाही, ड्रायव्हिंग येत नाही, एकटीनं जायचंय. एसटीनं जमतं का? — वाईहून एक शिक्षिका

जमतं की. साताऱ्याच्या स्टँडवरनं बामणोलीला एसटी जाते, महिलांना अर्धं तिकीट आहेच. वासोटा एकटीनं नको, बोटीचा खर्चही अंगावर येईल आणि चढणीला सोबत लागतेच. त्यापेक्षा बामणोलीत एखाद्या घरी मुक्काम करा, जेवण घरचं मिळतं, सकाळी त्रिवेणी संगमाच्या दत्तमंदिराची छोटी फेरी बोटीनं करा, तिला इतर प्रवाशांबरोबर जागा मिळून जाते. पुस्तक न्या, फोनला रेंज धड नसते. गाड्या मोजक्याच आहेत, वेळा सीझनप्रमाणं मागंपुढं होतात, म्हणून जातानाच्या बसमधून उतरता उतरता दुसऱ्या दिवशी परतीची गाडी कितीला आणि ती बामणोलीतच वळते का पुढून येते एवढं कंडक्टरला विचारून ठेवा.